पोह्याआधीचा तास

पहाटे साडेपाचला गजर होतो. फोन उशीखाली असतो, म्हणून ह्यांची झोप मोडत नाही. अंधारातच पांढऱ्या बाटलीचं झाकण फिरवायचं, मसुराच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी गोळी तळहातावर घ्यायची, वर तांब्यातलं पाणी. झालं. पुढचा तासभर पोटात काही जाता कामा नये. चहा तर नाहीच नाही.

ही काय शिक्षा आहे ते इंदुरात राहणाऱ्यालाच कळेल. सहाच्या सुमारास कोपऱ्यावरच्या ठेल्यावर पोह्यांचं मोठं भांडं उकळत्या पाण्यावर चढतं. आमचे पोहे वाफेवरचे. पुण्याचे पाहुणे त्यांना 'फोडणी विसरलेले पोहे' म्हणतात, म्हणोत बापडे. वर शेव, कांदा, जीरावन मसाला, शेजारी गरम जिलबी. वास थेट पहिल्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत येतो आणि मी तिथे खुर्ची टाकून घड्याळाकडे बघत बसलेली असते.

गोळीत औषध आहे थायरॉक्सिन, म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं हार्मोन, ७५ मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख मायक्रोग्रॅम होतात. निवृत्त विज्ञान शिक्षिकेला रिकाम्या पोटी दुसरं काय सुचणार, मी एकदा गॅलरीत बसून हिशेब मांडला. एक ग्रॅम थायरॉक्सिन मला १३,३३३ दिवस पुरेल. साडेछत्तीस वर्षं. माझं उरलेलं आयुष्य चिमूटभर मिठाच्या वजनात मावतं, वर थोडं उरतंसुद्धा. बाकीची गोळी म्हणजे बोटांत धरता यावी म्हणून घातलेली भर.

मी अठ्ठावीस वर्षं हिंदी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. दहावीच्या पुस्तकात 'नियंत्रण एवं समन्वय' नावाचा धडा आहे. त्यात माणसाची आकृती, आकृतीत ग्रंथी, गळ्यापाशी फुलपाखरासारखी थायरॉइड. आयोडीनयुक्त मीठ का खायचं हा प्रश्न परीक्षेला हमखास यायचा. मुलं धडाधड लिहायची, मी धडाधड मार्क द्यायची. आणि त्याच काळात माझे तळहात गार पडायला लागले होते, जिना चढताना मध्ये थांबावं लागत होतं, फळ्यावर लिहिता लिहिता पुढचा शब्द आठवत नव्हता. मला त्या धड्याची एकदाही आठवण झाली नाही. शाळेतलं ज्ञान हिंदीत होतं, थकवा मराठीत. दोघांची गाठ पडली नसावी.

हा धडा शिकवताना मुलं एका जागी नेहमी अडायची. मज्जातंतूचं त्यांना पटायचं: मेंदूपासून बोटापर्यंत तार, तारेतून निरोप. पण हार्मोन रक्तात मिसळतो, रक्त तर सगळीकडे जातं, मग नेमक्या ठिकाणीच काम कसं होतं? नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मला याचं उत्तर आमच्या कचरागाडीने दिलं. इंदूरचा स्वच्छतेत देशात पहिला नंबर २०१७ पासून लागायला लागला, तेव्हापासून सकाळी गाणं वाजवत गाडी गल्लीगल्लीतून जाते. गाणं सगळ्यांनाच ऐकू येतं. कुत्र्यांना, दूधवाल्याला, गच्चीवर सूर्यनमस्कार घालणाऱ्या शेजाऱ्यांना. पण धावत खाली जातो तो ज्याच्या हातात डबा आहे तोच. पेशीचं तसंच. ज्या पेशीकडे त्या हार्मोनला धरणारी जागा आहे ती उठते, बाकीच्यांच्या दारावरून गाणं वाजत पुढे जातं. शिवाय एकाच गाण्यावर कुणी ओला कचरा घेऊन येतो, कुणी सुका. एकाच ॲड्रेनलिनने हृदय धडधडायला लागतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि आतड्यांचं काम मात्र मंदावतं. वर्गात मागच्या बाकावरून एकाने विचारलं होतं, "मॅडम, और जिसका डिब्बा ही टूटा हो?" मी म्हटलं, बेटा, त्यालाही रोग म्हणतात, आणि तुझ्या घरी कुणाला साखरेचा त्रास असेल तर तो बहुतेक तसलाच आहे. इन्सुलिन गल्लीत फिरत असतं, पेशी दार उघडत नाहीत.

असा तारेवाचून जाणारा निरोप असतो हे पहिल्यांदा नीट दाखवलं ते दोन इंग्रजांनी, १९०२ साली लंडनला. बेलिस आणि स्टार्लिंग. स्टार्लिंगची बहीण बेलिसला दिलेली, म्हणजे ही साल्या-मेहुण्याची जोडी. जेवण जठरातून पुढे सरकलं की स्वादुपिंड पाचकरस सोडतं, हे माहीत होतं. कुणाच्या सांगण्यावरून सोडतं, तर सगळे म्हणत मज्जातंतूंच्या. या दोघांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याचे सगळे मज्जातंतू कापले आणि त्यात आम्ल घातलं. स्वादुपिंडाने तरीही रस सोडला. मग आतड्याचं आतलं अस्तर खरवडून, वाळू आणि आम्लाबरोबर वाटून, गाळून तो अर्क शिरेत टोचला. पुन्हा रस. हे वाटण्या-गाळण्याचं मी वर्गात सांगायची तेव्हा पोरी नाकं मुरडायच्या. पुढे १९०५ मध्ये स्टार्लिंगने एका व्याख्यानात हार्मोन हा शब्द वापरला. ग्रीक शब्द, चेतवणं, हलवून जागं करणं अशा अर्थाचा. आपल्या मराठीतला 'संप्रेरक' त्याच अर्थाचा आहे आणि मला विचाराल तर कानाला जास्त बरा लागतो. पण आमच्या घरात कुणी 'संप्रेरक' म्हणालं तर बाकीचे मान वर करून बघतील, तेव्हा हार्मोनच.

निवृत्तीला वर्ष राहिलेलं असताना एका डॉक्टरांकडे गेले. नाव कशाला घ्या. दोन मिनिटांत म्हणाले, "इस उम्र में होता है, बहनजी." कॅल्शियम, व्हिटॅमिन आणि सकाळी फिरायला जा. फिरायला जायची ताकद असती तर मी तुमच्याकडे आले असते का, हे वाक्य मला घरी पोचल्यावर सुचलं. वाक्यंसुद्धा तेव्हा उशिरा पोचत होती.

सहा महिन्यांनी पुतणीने ओढत पलासियाकडच्या एका हार्मोनवाल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मराठीच, तिशी-पस्तिशीतल्या. माझ्या मागे उभ्या राहिल्या, दोन्ही हातांची बोटं हलकेच गळ्यावर ठेवली. "काकू, पाण्याचा घोट तोंडात धरा. आता गिळा." गिळताना थायरॉइड वर सरकते, बोटांखाली कळते. मग म्हणाल्या, "आता खुर्चीवर गुडघे टेकून बसा. पावलं मोकळी सोडा." छपन्नाव्या वर्षी कोंबडा केल्यासारखी मी खुर्चीवर, पुतणी हसू दाबतेय. त्यांनी छोट्या हातोडीने टाचेवरच्या शिरेवर टक्कन मारलं. पाऊल उडालं. उडायचंच. पण खाली यायला त्याने वेळ घेतला. देवळाचं जुनं जड दार ढकलल्यावर कसं संथपणे मिटत येतं, तसं ते सावकाश, सावकाश जागेवर आलं. मी मान वळवून माझ्याच पावलाकडे बघत होते. "दिसलं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही आळशी नाही झालात काकू. तुमचा स्नायू सैल व्हायलाच उशीर लागतोय."

मी आळशी झालेय असं मी त्यांना सांगितलेलंच नव्हतं. रोज इतक्या बायका समोर बसतात, त्यांना पाठ झालं असणार.

रक्ततपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, आला ३८. चारच्या आसपासच्या आत असायला हवा. आता हा आकडा उलटा आहे आणि इथेच सगळ्यांचा घोळ होतो. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, थायरॉइड एवढा वाढला?" वाढला नव्हता, संपत आला होता. टीएसएच थायरॉइडचा नव्हेच. तो येतो पीयूषिकेकडून, मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीकडून. असं समजा, सासूबाई बाहेरच्या खोलीत बसल्यात, सून स्वयंपाकघरात. "सूनबाई, चहा!" चहा आला की त्या गप्प. नाही आला की जरा वरच्या पट्टीत. तरी नाही आला की गल्लीला ऐकू जाईल अशी हाक. टीएसएच म्हणजे सासूबाईंच्या हाकेचा आवाज. चहा थोडा जरी कमी पडला तरी आवाज भरमसाट चढतो, म्हणून तपासायला हाच बरा. आणि सासूबाई अगदीच मुक्या झाल्या तर समजावं की सून कपावर कप आणून ओततेय; तोही आजार, दुसरा. डॉक्टरीणबाईंना मी ही उपमा ऐकवली. त्या म्हणाल्या, "काकू, माझ्या सासूबाई इथे बाहेर रिसेप्शनला बसतात, हळू बोला."

माझी सून का दमली होती? मीठ कमी पडून नव्हे. कोबीनेही नव्हे, जरी सोसायटीतल्या तीन जणींनी कोबी बंद करायला सांगितलं. माझ्याच शरीराच्या शिपायांनी तिला परकी समजून वर्षानुवर्षं टोचलं होतं. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टराने १९१२ मध्ये अशा ग्रंथींचं वर्णन लिहिलं, त्यामुळे रोगाला त्याचं नाव.

गोळी सुरू झाली आणि सहा आठवड्यांनी टीएसएच १९. पहिल्यापेक्षा बरा, पण डॉक्टरीणबाईंना पटेना. गोळी कशी घेता, बारीक बारीक विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, सकाळी एकाच घोटात थायरॉइडची आणि कॅल्शियमची, म्हणजे विसरायला नको. त्यांनी पेन खाली ठेवलं. कॅल्शियम पोटात थायरॉक्सिनला चिकटून बसतं, मग ते रक्तात जातच नाही. लोहाच्या गोळ्यांचंही तेच. चार तासांचं अंतर हवं. दहावीला शिकवणारी बाई मी, दीड महिना रोज औषध गिळून बिनबोभाट बाहेर टाकत होते.

आणि दर वेळी सहा आठवडे का, तर थायरॉक्सिन घाईचं हार्मोनच नाही. ॲड्रेनलिन दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. राजवाड्याजवळ स्कूटीसमोर अचानक गाय आली की छातीत धस्स होतं आणि शीतलामाता बाजार येईपर्यंत आपण साड्यांचा विचार करायला मोकळ्या. थायरॉक्सिन निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. शिवाय ते बरंचसं कोठारातला माल आहे. त्यातल्या चारपैकी एक आयोडीन निघालं की कामाचं रूप तयार होतं, ते पेशीच्या गाभ्यापर्यंत जातं आणि तिथली कामं एकेक करून सुरू करतं. उष्णता, हृदयाचे ठोके, केसांची वाढ, आतड्यांची चाल, रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलणं. एखाद दिवस गोळी राहिली तर काही बिघडत नाही, आणि आज घेतली म्हणून उद्या काही सुधारतही नाही. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी लक्षात आलं की मी जिना चढून वर आलेय आणि मध्ये थांबलेच नाही.

पहिल्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात कुणाला होतं का? मी म्हटलं, नाही. रिक्षात बसल्यावर माई आठवल्या.

माई म्हणजे माझ्या मोठ्या काकू. रामबागेतल्या घरात आम्ही सगळे एकत्र होतो. माई भर वैशाखात पायात मोजे घालून बसायच्या. तांदूळ निवडता निवडता डोळा लागायचा, सूप मांडीवरून कलायचं. चेहरा सुजल्यासारखा, त्याला बायका म्हणायच्या, खाल्लेलं अंगी लागतंय. हातातल्या पाटल्या निघेनात, तेव्हा सोनाराकडून कापून आणल्या. काका त्यांना पाताळपाणीची मालगाडी म्हणायचे. महूच्या पुढे घाट चढताना जुनी मीटरगेज गाडी कशी धापा टाकायची ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. सगळे हसायचे. माईही हसायच्या, पण एक क्षण उशिरा.

आणि त्यांचा आवाज. जाड, घोगरा, घशात काही अडकल्यासारखा. घरात काळा फोन होता. माईंनी उचलला की पलीकडचा म्हणायचा, "काकासाहेब, जरा काकूंना बोलवता का?" यावर आम्हा मुलांचा एक खेळच तयार झाला होता. उशी कानाला लावायची, हनुवटी छातीला टेकवायची आणि खोल आवाजात म्हणायचं, "को...ण... बो...ल...तं...य?" सगळ्यांत चांगली नक्कल माझी व्हायची.

एका चुलतभावाच्या मुंजीचा १९८४ चा फोटो माझ्याकडे आहे. निदानानंतर तो काढून भिंग घेऊन बघितला. माईंच्या भुवया बाहेरच्या टोकाला नाहीतच, अर्ध्यावर संपल्यात. डॉक्टरीणबाईंना मोबाइलवर दाखवला. त्यांनी बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "फोटोवरून निदान करू नये, काकू." मग फोन परत देताना विचारलं, "कोण ह्या?"

न्यूकॅसलला जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टराने १८९१ मध्ये अशाच सुजलेल्या, मंदावलेल्या, ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचायला सुरुवात केली. पुढे तो अर्क ती पोटातून घेऊ लागली. बाई ७४ वर्षांची होऊन १९१९ मध्ये गेली. तोवर तिच्यासाठी आठशेहून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या. केंडल नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९१४ च्या नाताळच्या दिवशी थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे केले, आणि १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आलं, म्हणजे मेंढ्यांच्या सुटकेची वाट मोकळी झाली. माई गेल्या १९९३ ला. हृदय थांबलं, एवढंच सांगितलं गेलं. त्यांची आयुष्यात एकदाही ही तपासणी झाली नाही. कारण त्या आजारी आहेत असं कुणालाच वाटत नव्हतं. त्या तशाच आहेत असं वाटत होतं. आजी म्हणायची, स्वभावाला औषध नाही.

आता उलटं झालंय. परवा भाचा आपल्या बायकोबद्दल म्हणाला, "तिचं काही नाही गं मावशी, हार्मोन्स." ती बिचारी एवढंच म्हणत होती की रविवारची भांडी त्याने घासावीत. पूर्वी स्वभाव म्हणायचे, आता हार्मोन म्हणतात. बाईचं ऐकून न घेण्याची सोय तीच राहिली. आमच्या फ्रिजमध्ये अंड्यांशेजारी ह्यांचं इन्सुलिनचं पेन असतं. साखर उतरली की हे इतके चिडतात की रिमोट फेकतात. त्याला घरात 'साखर लो झाली' म्हणतात, कुणी 'ह्यांचे हार्मोन्स' म्हणत नाही.

मला मात्र खरंच वाटलं होतं की गोळीने माझी चिडचिडही जाईल. थकवा गेला, थंडी गेली, केस थोडे परत आले, नावं आठवायला लागली. टीएसएच अडीच. चिडचिड आहे तिथेच आहे. डॉक्टरीणबाईंना विचारलं, डोस वाढवायचा का? त्या म्हणाल्या, "नाही काकू, ती तुमचीच आहे."

मागच्या भाद्रपदात महालक्ष्म्यांना आम्ही सगळे थोरल्या चुलतभावाकडे जमलो होतो. पुरणपोळ्या, सोळा भाज्या, कढी, सगळं झालं. दुपारी पानं खाताना नेहमीसारखी जुनी उजळणी निघाली आणि धाकट्या चुलतभावाने मोबाइल कानाला लावून हनुवटी छातीला टेकवली. "को...ण..." सगळे हसले. त्याची नातवंडंही हसली, ज्यांनी माईंना पाहिलेलंसुद्धा नाही. मग तो म्हणाला, "तू कर गं, तुझी भारी व्हायची."

मी म्हटलं, आता जमत नाही. आणि का जमत नाही ते सांगत बसले. हातोडी, पाऊल, भुवया, मेंढ्या, सगळंच. शिकवायची सवय, थांबवत नाही. भाऊ म्हणाला, अगं एवढं काय मनावर घेतेस, गंमत ती. त्याचंही खोटं नव्हतं. कुणीतरी विडे पुढे केले, विषय निघाला क्रिकेटचा.

ताई, माईंची मुलगी, देवासहून आलेली, कोपऱ्यात ओटीचे तांदूळ चाळत बसली होती. ती हसण्यातही नव्हती आणि क्रिकेटमध्येही नव्हती. तिने चाळण खाली ठेवली आणि मला जवळ बोलावलं.

"केवढ्याला येते गं ती गोळी?"

मी सांगितलं. दिवसाला दोन रुपयेसुद्धा पडत नाहीत.

"दोन रुपये," ती म्हणाली, आणि पुन्हा चाळण उचलली.

मी पर्समधून कागद काढला, त्यावर तपासणीचं नाव लिहिलं आणि तिच्या हातात दिला. तिने तो घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. तिचे हात गार होते.